वस्त्रगाळ

विमानाच्या इंजिनाला पेट्रोलचा फिल्टर कुठला लावायचा, या एका प्रश्नात माझा मागचा अख्खा पावसाळा गेला.

विमान घरी बांधलेलं. दोन माणसांचं, पंख डोक्यावर, दोन्ही पंखांत एकेक टाकी, नाकात दुसऱ्या हातचं रोटॅक्स कंपनीचं ९१२ इंजिन, ८० अश्वशक्तीचं. औशाजवळच्या आमच्या रानात सोयाबीन ठेवायला पत्र्याची शेड बांधली होती, त्यात ते सहा वर्षांपासून उभं आहे. अजून उडालेलं नाही. परवानग्यांचं काम वेगळं चालू आहे, त्यावर आज लिहीत नाही. आज फिल्टरबद्दलच लिहायचं आहे, कारण बोटभर लांबीच्या त्या वस्तूनं मला जेवढं शिकवलं तेवढं पंखांनीही शिकवलं नाही.

मी तीस वर्षं वाळूजला टूलरूममध्ये काढली. मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हा माझा रोजचा शब्द. केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि चांगल्या डोळ्याला ४०-५० मायक्रॉनचा कण उजेडात कसाबसा दिसतो, हे मला तोंडपाठ. त्यामुळं फिल्टर घ्यायला गेलो तेव्हा मी टूलरूमवाल्यासारखाच विचार केला: जितकं बारीक तितकं चांगलं. इंजेक्शनच्या, म्हणजे दाबानं पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनाच्या गाडीला लावतात तो पत्र्याच्या डब्यातला कागदी फिल्टर घेतला, १० मायक्रॉनचा. टाकी आणि इंजिनावरचा पंप यांच्यामध्ये तो बसवला. इंजिनाच्या आयुष्याला आपण भक्कम पहारा बसवला असं वाटून त्या रात्री मला शांत झोप लागली.

मग ऑगस्टमध्ये इंजिन स्टँडवर चढवलं. शेडच्या मागं लोखंडी चॅनेलचा सांगाडा जमिनीत काँक्रीटमध्ये पुरलेला, त्यावर इंजिन, त्याच्या डोक्यावर फायबरची जुनी टाकी. पुतण्या वहीत दर पाच मिनिटांनी तापमान आणि दाब लिहीत होता. नाना खुर्ची टाकून लांब बसले होते. नाना म्हणजे आमच्या शेजारच्या गावचे, हवाई दलात वीस वर्षं इंजिन फिटर होते. डोळे मिटून नुसतं ऐकत बसतात. चाळीस मिनिटं इंजिन ४८०० आरपीएमवर सुरेख चाललं. एकेचाळिसाव्या मिनिटाला नानांनी डोळे उघडले. मला अजून काहीच ऐकू आलेलं नव्हतं. पाच-सात सेकंदांनी आवाज लंगडायला लागला, आरपीएम ढासळला, मी थ्रॉटल मागं घेतला आणि इंजिन बंद पडलं.

मी कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, उघडायला पाना उचलला. नाना म्हणाले, "थांबा. का थांबलं ते नंतर. आधी पेट्रोल कुठपर्यंत आलंय ते बघा."

टाकीच्या नळीला धार होती. फिल्टरनंतरच्या नळीला थेंब होते.

तो फिल्टर दोन दिवस उघड्यावर वाळू दिला आणि मग लेथवर धरून त्याची कडा कापली. कागदाच्या चुण्या उलगडून पांढऱ्या फरशीवर पसरल्या. मला माती सापडेल असं वाटलं होतं. आपल्या काळ्या रानाचा फुफाटा कुठंही शिरतो, बंद कपाटातल्या कपड्यांतही सापडतो. पण कागदावर माती जवळजवळ नव्हतीच. होता एक तपकिरी, चिकट थर. बोटाला तार धरणारा. साखर कारखान्यातली मळी असते, अगदी तसा.

ती उपमा उगाच सुचली नव्हती हे दोन दिवसांनी कळलं. पुतण्यानं कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मोजणीची काचनळी आणली. तळाशी १० मिलिलिटर पाणी, त्यावर ९० मिलिलिटर पंपावरचं पेट्रोल, बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. शुद्ध पेट्रोल असतं तर पाण्याची रेघ परत १० वरच आली असती. ती २५ च्या पुढं गेली. पेट्रोलमधला इथेनॉल पाण्यात उतरला होता. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतो. हे मला ठाऊक होतं, पण ते काचेत डोळ्यांनी बघणं वेगळं. तो इथेनॉल कुठून येतो? उसाच्या रसातून, मळीतून, धान्यातून. आमच्या बांधापलीकडचा ऊस ज्या कारखान्याला जातो तिथंही तो बनतो. शेतकऱ्याच्या पदरात त्यातून दोन पैसे पडतात, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण हाच इथेनॉल माझ्या टाकीच्या आतला जुना सीलंट, म्हणजे गळती थांबवणारा लेप, हळूहळू विरघळवत होता. आणि मी बसवलेला भक्कम पहारा त्या चिकट थरानं चाळीस मिनिटांत लिंपून टाकला.

रोटॅक्सच्या या इंजिनाला १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतो, २० नाही. म्हणजे माझ्या चुका दोन होत्या. इंधनाची चूक कुणी सांगितली की सुधारता येते. दुसरी चूक, बारीक म्हणजे चांगलं, ही माझ्या हाडात मुरलेली होती आणि ती काढायला आज्जीची आठवण यावी लागली.

आज्जीच्या डाव्या घोट्याजवळ एक खड्डा होता, चिंचोक्याएवढा. नारूचा. आता तरुण मुलांना नारू माहीत नाही, त्यामुळं सांगतो. बारवेच्या, आडाच्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा डोळ्याला जेमतेम दिसणारा जीव असतो. त्याच्या पोटातून नारूची अळी माणसात जाई आणि वर्षभरानं हातभर लांबीचा जंत पायातून बाहेर येई. तो ओढायचा नाही, तुटतो. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. आज्जीनं वीस-बावीस दिवस तो काढला, असं ती सांगायची. त्यानंतर आमच्या घरात न गाळलेलं पाणी कुणी प्यायलं नाही. देशातला शेवटचा नारूचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. आज्जीनं त्यानंतरही रांजणावरचं फडकं काढलं नाही.

लहानपणी एकदा मी त्या फडक्याच्या चार घड्या करून घागरीवर बांधल्या. चारपट स्वच्छ पाणी मिळेल असा माझा हिशेब. पाणी फडक्यावर तळं करून थांबलं आणि मग कडेनं, फडक्याच्या खालून, न गाळताच आत गेलं. आज्जी म्हणाली, "दोनच पदर कर लेकरा. चार केलेस की पाणी आपली वाट काढतंय, अन् ती वाट गाळलेली नसतीय."

फिल्टर कापून फरशीवर मांडला त्या रात्री मला हे आठवलं. नारू अडवायला जी नायलॉनची जाळी वापरत तिची भोकं साधारण १०० ते १५० मायक्रॉनची असत. कारण सायक्लॉप्स त्याहून मोठा. त्याहून बारीक जाळी लावायचं कारण नव्हतं, आणि लावली असती तर बाईमाणसांनी कंटाळून ती काढून टाकली असती. मी रोटॅक्सचं पुस्तक उघडून इंधनाचं पान काढलं. पंपाआधीच्या फिल्टरची जाळी: ०.१ मिलिमीटर. म्हणजे १०० मायक्रॉन. त्या पानावर मी कितीतरी वेळ बोट ठेवून बसलो होतो.

आता हे का, ते नीट सांगतो. कार्ब्युरेटरमध्ये सगळ्यात बारीक वाट असते आयडल जेटची, म्हणजे इंजिन संथ चालताना पेट्रोल देणाऱ्या तोटीची. तिचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, पण १०० मायक्रॉनच्या कणाला त्यातून आरामात जाता येतं. पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची, म्हणजे तरंगत्या गोळ्याची, सुई जिथं बसते तिथं कण अडकला तर पेट्रोल उतू जातं, तिथंही अंगावर येतो तो मोठाच कण. म्हणजे १० मायक्रॉनचा कण या इंजिनाचं काही बिघडवत नाही. तो जाळीतून गेला, पेट्रोलबरोबर निघून गेला, विषय संपला. त्याला अडवून मी इंजिनाचं काय वाचवत होतो? काहीच नाही. उलट अडवलेला प्रत्येक कण माझ्याच वाटेत साठत होता. इंजेक्शनच्या इंजिनाची गोष्ट निराळी. त्याच्या इंजेक्टरची तोंडं इतकी नाजूक की १० मायक्रॉनच्या आसपासचा फिल्टर लागतोच. पण तो बसवतात पंपानंतर, जिथं पेट्रोलच्या मागं दाबाचा जोर असतो. पंपाआधी जाड जाळी, पंपानंतर बारीक. मी गाडीचा पंपानंतरचा फिल्टर उचलून पंपाच्या आधी बसवला होता.

पंपाआधीच्या नळीत पेट्रोल ढकललं जात नाही, ओढलं जातं. तिथं वाट अरुंद केली की ओढ वाढते, ओढ वाढली की दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं. नळीत वाफ धरते. पंप वाफ ओढत बसतो. लातूर-धाराशिवकडं मे महिन्यात सावलीत ४२-४३ अंश होतात, इंजिनाच्या झाकणाखाली तर हात ठेववत नाही. थंड देशातल्या माणसाला जे फिल्टर वर्षानुवर्षं त्रास देत नाहीत, ते आपल्याकडं उन्हाळ्यातल्या पहिल्याच दुपारी दगा देऊ शकतात. म्हणून फिल्टरची जागा मी इंजिनाच्या बाजूची बदलून फायरवॉलच्या, म्हणजे इंजिनामागच्या आग अडवणाऱ्या भिंतीच्या मागं, थंड बाजूला नेली. काचेचा किंवा प्लॅस्टिकचा फिल्टर इंजिनाच्या बाजूला नकोच, हे नानांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं. आग लागली तर प्लॅस्टिक काही सेकंदांत वितळतं आणि मग टाकीतलं सगळं पेट्रोल त्या आगीला मिळतं.

कागदावरून नानांशी माझा दोन दिवस वाद झाला. माझं म्हणणं, कागद स्वस्त आहे, दर २५ तासांनी बदलू. त्यांचं म्हणणं एवढंच: "पाण्याचं काय?" कागद पाणी पितो आणि फुगतो. फुगला की त्यातून पेट्रोलही नीट जात नाही. इथेनॉलवालं पेट्रोल तर पाणी स्वतःत विरघळवून लपवून ठेवतं आणि थंडी वाढली, पाणी प्रमाणाबाहेर गेलं, की एकदम खाली सोडून देतं. मग नानांनी १७ जानेवारी २००८ ची गोष्ट सांगितली. बीजिंगहून लंडनला येणारं बोइंग ७७७, उतरायला दोन मैल राहिले असताना दोन्ही इंजिनांची ताकद गेली. इंधनात पाणी होतं तेही नियमात बसेल इतकंच. पण लांबच्या थंड प्रवासात त्याचं बर्फ होऊन नळ्यांत साचलं आणि शेवटी एकदम सुटून इंधन तापवणाऱ्या यंत्राच्या तोंडावर जाऊन बसलं. विमान धावपट्टीच्या अलीकडं गवतावर उतरलं. सगळे वाचले. "कचरा म्हणजे मातीच असती असं नाही," नाना म्हणाले. "पाणी पण कचराच. अन् त्याला जाळी दिसत नाही."

म्हणून कागद गेला. त्याच्या जागी स्टेनलेस स्टीलची जाळी आली. धुता येणारी, पाण्यानं न फुगणारी, उघडल्यावर एका नजरेत खरं सांगणारी. मला हा शेवटचा गुण सगळ्यात मोठा वाटतो. बंद डब्यातला कागद तुमच्यापासून सगळं लपवतो. तो निम्मा भरला की पाऊण भरला, हे त्याला कापल्याशिवाय कळत नाही.

आमचे अण्णा आडावरच्या डिझेल इंजिनांचे मिस्त्री होते. पंचक्रोशीत कुणाचं इंजिन अडलं की सायकलवर पान्यांची पिशवी अडकवून जायचे. पहिलं काम, डिझेलच्या नळीतली वाटी सोडायची आणि उजेडात धरायची. तळाला पाणी दिसतंय का, काळं दिसतंय का. मग फिल्टर धुवायचा, बसवायचा, आणि एअर काढायची. बोल्ट सैल करून फेस जाईपर्यंत पंप दाबायचा. पीक पाण्यावाचून उभं असायचं, मालक बांधावर बसून बिडी ओढत वाट बघायचा, तासाभरात इंजिन धक्क धक्क करत चालू व्हायचं. विमानात तो बांध नाही. बोल्ट सैल करायला खाली उतरता येत नाही. अण्णांचं सगळं ज्ञान मला उपयोगी पडलं, फक्त ते जमिनीवरच, आधीच वापरायचं आहे.

अण्णा डिझेल ओतताना नायलॉनच्या जुन्या साडीचा तुकडा चाडीवर धरायचे. सुती फडक्याचे धागे सुटतात, नायलॉनचे सुटत नाहीत, म्हणून. मीही पिंपातून टाकीत पेट्रोल ओततांना तेच केलं, आणि नाना खुर्चीतून ताडकन उठले. डिझेलला चाललं ते पेट्रोलला चालत नाही. नायलॉनवरून, प्लॅस्टिकच्या चाडीवरून पेट्रोल वाहताना स्थिर वीज तयार होते आणि एक ठिणगी पुरते. आता धातूची चाडी, तिच्यात धातूचीच जाळी, आणि पिंप, चाडी व टाकी तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडलेली. त्याशिवाय बूच उघडायचं नाही.

इंधनही बदललं. आता विमानाचंच पेट्रोल, निळ्या रंगाचं १०० एलएल. ते २०२२ पासून आपल्याकडं वडोदऱ्यात बनायला लागलं, आधी बाहेरून यायचं. त्यात शिसं असतं, त्यामुळं या इंजिनाचं ऑइल लवकर बदलावं लागतं. तो खर्च मी मान्य केला. टाकीचा आतला सगळा सीलंट खरवडून काढला, त्यात दीड महिना गेला.

शेवटी जे बसवलं ते असं. प्रत्येक टाकीच्या तोंडाशी बोटासारखी लांब जाळी, इंचाला ८ ते १६ भोकांची, अगदी भरड. तिच्या उघड्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ नळीच्या तोंडाच्या पाचपट तरी असावं, असं जुन्या अमेरिकी नियमांत आहे. मला हा नियम फार आवडतो. त्याचा अर्थ असा की जाळीचे पाचातले चार भाग पानं, सीलंटचे पापुद्रे, काहीही येऊन बुजले तरी नळीला लागतं तेवढं तोंड उघडंच राहतं. घाण येणार, हे गृहीत धरून केलेला तो हिशेब आहे. दोन्ही टाक्यांना वेगवेगळी जाळी, म्हणजे एक बुजली तर दुसरी टाकी जिवंत. तिथून नळ्या उतरतात त्या सगळ्यात खालच्या जागी गॅस्कोलेटर, म्हणजे अण्णांची वाटीच. पेट्रोल पाण्याहून हलकं, लिटरला साधारण ७२० ग्रॅम, त्यामुळं पाणी वाटीत तळाला बसतं आणि खालच्या तोटीतून काढता येतं. वाटीच्या वरच १०० मायक्रॉनची जाळी. त्यापुढं इंजिनापर्यंत दुसरा कुठलाही फिल्टर नाही. एक जास्तीचा असावा असं मला दोनतीनदा वाटलं. मी तो हातात घेतला आणि परत ठेवला.

मग बादलीची परीक्षा. हे इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला साधारण २४ लिटर पितं. पेट्रोल नुसतं उतारानं येत असेल तर लागतं त्याच्या दीडपट यायला हवं, हाही जुना नियम. म्हणजे तासाला ३६ लिटर, मिनिटाला ६०० मिलिलिटर. आमच्या विमानात पंप आहे, त्याला सव्वापटीवर भागतं. पण पंप बंद पडला तरी उतारानं यावं अशी माझी इच्छा, म्हणून दीडपटच धरली. चढताना नाक जितकं वर असेल तितकं वर करून, पुढच्या चाकांखाली फळ्या रचून, टाकीत अगदी तळाला उरतं तेवढंच पेट्रोल ठेवून, पंपाजवळची नळी सोडली. पुतण्याच्या हातात घड्याळ. कुतूहलापोटी आधी तो १० मायक्रॉनचा, नवाकोरा फिल्टर लावून बघितला: मिनिटाला ४१० मिलिलिटर. कोरा असतानाच नापास. मग नवी मांडणी: ८४०. पुतण्यानं दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि म्हणाला, "काका, म्हणजे सीलंट विरघळला नसता तरी..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. पंपाच्या ओढीवर ते कदाचित चाललं असतं. कदाचित या शब्दावर मी त्याला कधीच शेजारच्या सीटवर बसवणार नाही.

२०१६ च्या फेब्रुवारीत मी या पुतण्याला मुंबईला घेऊन गेलो होतो. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान तिथं प्रदर्शनात ठेवलं होतं. पोरगं तेव्हा सहावीत होतं. विमानाभोवती फिरून आल्यावर त्यानं विचारलं, यात पाणी गेलं तर? लातूरचं पोरगं. दोनच महिन्यांनी मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातलं. घरी टँकरचं पाणी आम्ही आज्जीच्याच पद्धतीनं दोन पदरांतून गाळत होतो. मला त्याचा प्रश्न तेव्हा उलटा वाटला होता, आमच्याकडं पाणी आत जाण्याची भीती कसली, ते येतच नाही. तो बरोबर विचारत होता.

एक गोष्ट अजून. दिवाळीनंतर पुन्हा बादली लावली तर धार हळूहळू बारीक होत गेली. जाळी स्वच्छ, वाटी स्वच्छ. तासभर शोधलं. डाव्या टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. आपल्याच काळ्या मातीचं, सुबक, गुळगुळीत. टाकीत हवा जात नव्हती म्हणून पेट्रोल येत नव्हतं. आता त्या नळीच्या तोंडालाही भरड जाळी आहे, आणि शेडमध्ये विमान उभं असताना दोन्ही तोंडांना लाल फडक्याची बुचं, खाली लोंबणारी, काढायचं विसरू नये म्हणून.

गेल्या रविवारी स्टँडवरचे २५ तास पूर्ण झाले. वाटी सोडली, जाळी पांढऱ्या ताटलीत धुतली, पेट्रोल उडून जाऊ दिलं. ताटलीत राहिले काळ्या मातीचे आठ-दहा कण, टाकी घासतानाचा पितळी ब्रशचा एक तुकडा आणि सीलंटचा नखाएवढा पापुद्रा. पापुद्रा मी चिमट्यानं उचलून वहीच्या पानावर चिकटवला, तारीख घातली. म्हणजे टाकीत कुठंतरी खरवडायचं राहिलंय. नानांनी वाटी बसवली, वाटी सुटू नये म्हणून बांधतात त्या लॉकिंग वायरला पीळ दिला आणि टोक आत वळवलं, हाताला लागू नये म्हणून. पुतण्या टाकीत टॉर्च आणि आरसा घालून तो राहिलेला कोपरा शोधत होता.